मुलगा युवराज, आईला मरण: उत्तर वेई घराण्याचा नियम

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: चीनच्या उत्तर वेई घराण्यात एखाद्या राणीचा मुलगा युवराज ठरला की तिला मारून टाकत, हे खरं आहे की नंतरच्या इतिहासकारांनी तिखटमीठ लावलंय? आणि खरं असेल तर त्यामुळे गादीची भांडणं मिटली का?

खरं आहे. भांडणं मात्र मिटली नाहीत. दरबारातल्या बायकांच्या हाती सत्ता जाऊ नये म्हणून हा नियम केला आणि पन्नासेक वर्षांत तो त्यांच्याच हातातलं हत्यार झाला. मी हा काळ बरीच वर्षं शिकवतोय. दर वर्षी वर्गात कुणीतरी विचारतंच, "सर, मग राण्या मुलगा व्हावा म्हणून नवस बोलायच्या की होऊ नये म्हणून?" सगळे हसतात. पण याचं उत्तर जुन्या ग्रंथात चक्क लिहून ठेवलेलं आहे, त्याकडे पुढे येतो.

आधी ही माणसं कोण ते सांगतो. तुओबा हे मूळचे गवताळ प्रदेशातले घोडेस्वार, शियानबेई लोकांपैकी. ३८६ साली तुओबा गुईनं राज्य उभं केलं आणि ३९८ मध्ये राजधानी पिंगचेंगला नेली. म्हणजे आजचं दातोंग, जिथली युनगांगची बौद्ध लेणी बघायला लोक जातात. त्याच्या नातवानं ४३९ पर्यंत सगळा उत्तर चीन ताब्यात घेतला. टोळीत गादी थोरल्या मुलालाच मिळावी असा दंडक नव्हता. कधी भाऊ बसे, कधी चुलता, कधी पुतण्या. शेवटी कुणाचं आजोळ किती घोडेस्वार मैदानात उतरवू शकतं, यावर बरंचसं ठरायचं. ३२१ साली ची नावाच्या राजविधवेनं गादीवरच्या राजाला मारवलं, आपला मुलगा बसवला आणि कारभार इतका उघडपणे हातात घेतला की शेजारच्या दरबारात गेलेल्या तिच्या वकिलांना लोक 'बायकांच्या राज्याचे वकील' म्हणू लागले.

गुई स्वतः पंधरा-सोळाव्या वर्षी गादीवर आला तो आईच्या माहेरच्या, हेलान टोळीच्या पाठबळावर. त्याच वर्षी त्याचा चुलता दुसऱ्या टोळीची मदत घेऊन त्याच्यावर चालून आला. मामांच्या जोरावर राजा झालेल्या माणसाला मामा लोक काय करू शकतात हे वेगळं सांगावं लागत नाही. पुढे त्यानं या मोठ्या टोळ्या फोडल्या, त्यांच्या सरदारांचे हक्क काढून घेतले, माणसं जमिनीला बांधून टाकली. त्यात हेलानही सुटले नाहीत. चिनी इतिहासकार तियान युछिंग यांचं म्हणणं असं की युवराजाच्या आईला मारण्याचा नियम हा त्याच मोहिमेचा पुढचा भाग होता. टोळ्या फोडल्या, पण त्यांच्या लेकी राणीवशात होत्याच, आणि त्यांच्या पोटी उद्याचा राजा येणार होता. मला हे पटतं. जुन्या ग्रंथात या नियमाला 'जुनी वहिवाट' म्हटलंय खरं, पण गुईच्या आधी अशी वहिवाट असल्याचं काही दिसत नाही.

ग्रंथ म्हणजे 'वेई शू', या घराण्याचा अधिकृत इतिहास. वेई शोऊ नावाच्या दरबारी इतिहासकारानं तो ५५४ मध्ये, म्हणजे घराणं बुडाल्यावर वीस वर्षांनी पुरा केला. पुढे जे सांगतोय ते बहुतेक त्यातलंच आहे. काही राण्यांबद्दल त्यात नुसतं 'वारली' एवढंच आहे. त्या सगळ्यांना या नियमाच्या बळी धरून आकडा फुगवणारे लेख सापडतील. मी धरत नाही.

आता ४०९ साल. गुई ३९ वर्षांचा, पण खनिजांची 'थंड अन्नाची पूड' नावाची जी औषधी पूड त्या काळी बडे लोक घेत, तिच्या पायी पार संशयी आणि चिडका झालेला. थोरला मुलगा सी याला वारस करायचं ठरलं. त्याची आई ल्यू राणी. तुओबांकडे पट्टराणी ठरवायची एक अजब रीत होती: उमेदवार राणीनं सोन्याचा पुतळा ओतायचा. साच्यातून नीट उतरला तर दैवाचा कौल मिळाला. ल्यू राणीचा पुतळा बिघडला होता, मुरोंग घराण्यातल्या राणीचा नीट उतरला आणि ती पट्टराणी झाली. म्हणजे ल्यू राणीकडे पट्टराणीपदही नव्हतं. तरी मुलगा वारस ठरतोय म्हणून तिला मारलं.

गुईनं मुलाला बोलावून कारण सांगितलं. हान सम्राट वू यानं असंच केलं होतं, म्हणजे पुढे बाईनं राज्यकारभारात हात घालू नये आणि तिच्या माहेरच्यांनी धुमाकूळ घालू नये. तू गादीवर बसणार आहेस म्हणून मी दूरचा विचार केलाय. दाखला खरा आहे. इ.स.पू. ८८ मध्ये हान वूनं धाकट्या वारसाच्या आईला असंच संपवलं होतं. पण ते एकदाच घडलं होतं. गुईनं चारशे-पाचशे वर्षांपूर्वीची एक घटना उचलली आणि तिचा कायदा केला. आणि भीती अगदीच पोकळ होती असंही नाही. पट्टराण्यांच्या माहेरांनी हान घराणं पोखरलं होतं, इसवी सन ९ मध्ये वांग मांगनं तर गादीच घेतली होती. ३०० साली, पुढच्या जिन घराण्याच्या दरबारात, जिया पट्टराणीनं सावत्र मुलाला, युवराजाला, मारवलं आणि आधीच पेटलेल्या राजपुत्रांच्या लढाया भडकल्या त्या ३०६ पर्यंत विझल्या नाहीत.

सीला हा तर्क काही पचला नाही. तो बापासमोरच ढसाढसा रडला. बाप भडकला. मुलगा घरी येऊन रात्रंदिवस रडत राहिला. पुन्हा बोलावणं आलं तेव्हा जवळच्यांनी सांगितलं, आत्ता जाऊ नकोस, राग ओसरेपर्यंत लप. तो दोन-चार माणसं घेऊन निसटला. ज्याच्यासाठी एवढं केलं तो वारसच राजधानीतून पळाला.

त्यानंतर जे झालं ते वाचताना मला दर वेळी वाटतं की गुईनं नियम केला तो चुकीच्या आईसाठी. त्याची आणखी एक राणी होती, हेलान टोळीतली, नात्यानं त्याची सख्खी मावशी. तरुणपणी त्यानं तिला पाहिलं आणि आईकडे मागणी घातली. आईनं सांगितलं, नको, फार देखणी आहे, चांगलं नव्हे ते, शिवाय तिला नवरा आहे. गुईनं गुपचूप नवऱ्याला मारवलं आणि तिला घेऊन आला. तिचा मुलगा शाओ, तेव्हा १६ वर्षांचा, गावभर उनाडणारा. ४०९ च्या हिवाळ्यात गुई या राणीवर चिडला, तिला कोंडलं आणि मारायचं म्हणाला. पण संध्याकाळ झाली तरी त्याचं ठरेना. तेवढ्या वेळात तिनं मुलाला निरोप धाडला, मला वाचव. शाओ रात्री काही नोकर आणि खोजे घेऊन भिंत चढून महालात शिरला. पहारेकरी 'चोर, चोर' ओरडले. गुई दचकून उठला, धनुष्य आणि तलवार चाचपू लागला, अंधारात दोन्ही सापडेनात. तिथेच तो मेला.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत राजवाड्याचं दार उघडलं नाही. मग शाओनं सरदारांना बोलावून विचारलं, मला चुलता आहे, मोठा भाऊही आहे, तुम्ही कुणाच्या मागे जाणार? सगळ्यांचे चेहरे पांढरे पडले. बऱ्याच वेळानं एक ज्येष्ठ सरदार म्हणाला, आपल्या मागे. पण शहर त्याच्या मागे नव्हतं. सी दिवसा डोंगरात लपत परत आला, पहारेकऱ्यांनी शाओला धरून दिलं, आणि शाओ व त्याची आई दोघांनाही ठार केलं. सी गादीवर बसला.

ज्या मुलाची आई नियमानं मारली त्यानं स्वतःच्या मुलासाठी नियम रद्द केला असेल असं वाटतं ना? केला नाही. एक नवी गोष्ट मात्र त्यानं केली, आणि सगळा खेळ तिथे बदलला. मुलगा ताओ याच्यासाठी त्यानं दोऊ नावाची दाई नेमली. तिच्या नवऱ्याला देहदंड झाला होता आणि ती दोन मुलींसह राजवाड्यात दासी म्हणून आली होती. मागे माहेर नाही, टोळी नाही, घोडेस्वार नाहीत. ताओ सम्राट झाल्यावर त्यानं ४२५ मध्ये तिला 'दाई-राजमाता' केलं आणि ४३२ मध्ये सरळ राजमाताच. नावाची राजमाता नव्हती ती. ४३९ मध्ये तो पश्चिमेला मोहिमेवर असताना उत्तरेचे भटके रौरान लोक राजधानीवर चालून आले, तेव्हा सेनापतींना हुकूम देऊन त्यांना पिटाळून लावलं ते या दाईनं.

पुढच्या पिढीत तेच पुन्हा, पण आता दात फुटलेले. ४५२ मध्ये झोंग आय नावाच्या खोजानं ताओला मारलं, एक राजपुत्र बसवला, काही महिन्यांत त्यालाही मारलं. त्या गोंधळातून ताओचा बारा-तेरा वर्षांचा नातू वेनचेंग गादीवर आला. त्याची दाई चांग वर्षभरात राजमाता झाली. ४५६ मध्ये वेनचेंगनं फेंग नावाच्या राणीला पट्टराणी केलं आणि पुढच्याच महिन्यात ली राणीच्या बाळाला युवराज. दाई-राजमातेनं हुकूम सोडला: वहिवाटीप्रमाणे करा.

ली राणीला दक्षिणेत राहणाऱ्या भावांची यादी लिहायला सांगितली, म्हणजे मागे त्यांची सोय लावता येईल. निरोपाच्या वेळी एकेका भावाचं नाव घ्यायची आणि छाती बडवून रडायची. आणि मग मेली. 'वेई शू'मध्ये हे फार तर दोन ओळींत आहे. एरवी रटाळ लिहिणाऱ्या त्या इतिहासकारानं या दोन ओळी लिहिल्या म्हणून मी त्याचे बरेच अपराध पोटात घालतो.

इथे जरा थांबून बघा कुणाला काय मिळालं. सम्राट सोळा वर्षांचा. पट्टराणीला मूल नाही. मूल आहे ती बाई गेली. बाळ आता पट्टराणीचं. चांग लियाओशी भागातली, फेंगचं घराणं म्हणजे त्याच भागावर राज्य करून बुडालेलं उत्तर यान घराणं. दोघी राजवाड्यात आल्या त्या घरच्यांवर राजाची खप्पामर्जी झाल्यावर दासी म्हणून. टोळीवाल्या माहेरांपासून गादी वाचवायची म्हणून केलेला नियम आता या दोघींना कुठल्याही माहेराशिवाय गादीपर्यंत नेत होता. ज्यांना मूल झालं त्या आपोआप वाटेतून दूर होत होत्या.

फेंग ही या सगळ्या काळातली सगळ्यात ताकदीची व्यक्ती, आणि तिच्याबद्दल एका वाक्यात मत देणाऱ्यांवर माझा विश्वास नाही. ४६५ मध्ये वेनचेंग वारला. तिसऱ्या दिवशी रिवाजाप्रमाणे त्याचे कपडे आणि वस्तू जाळत होते. ती रडत त्या आगीत झेपावली, लोकांनी ओढून काढलं, बराच वेळ शुद्ध नव्हती. वर्षभरात याच बाईनं सत्ता बळकावून बसलेल्या मंत्र्याचा काटा काढला आणि बाल सम्राट शियानवेनच्या, म्हणजे ली राणीच्या त्या मुलाच्या, नावानं कारभार हातात घेतला. ४६७ मध्ये नातू झाला तेव्हा कारभार सोडला आणि नातवाला स्वतः वाढवायला घेतलं. दोन वर्षांनी नातू युवराज झाला, त्याची आई, ही दुसरी ली, मेली. आता सावत्र मुलाशी बिनसलं. शियानवेननं ४७० मध्ये तिच्या प्रियकराला मारलं. ४७१ मध्ये तो गादी आपल्या चुलत्याला देऊ म्हणाला, सरदार अडून बसले, तेव्हा ती त्यानं चार वर्षांच्या मुलाला, म्हणजे फेंगच्या नातवाला, दिली. ४७६ मध्ये तो तेविसाव्या वर्षी मेला. विष तिनंच घातलं असं तेव्हापासून बोललं जातं.

हा नातू म्हणजे शियाओवेन, चिनी इतिहासातला मोठा सुधारक. पण ४८४ चे अधिकाऱ्यांचे पगार, ४८५ ची जमीनवाटप, ४८६ ची गावपातळीवरची नोंदव्यवस्था, हे त्याच्या नावावर असलं तरी तेव्हा कारभार आजीचा होता. तिनं त्याला कसं वाढवलं? एकदा ऐन थंडीत एका कपड्यावर खोलीत कोंडून तीन दिवस उपाशी ठेवलं, त्याच्या भावाला बसवायचं चाललं होतं. मोठ्या सरदारांनी हातापाया पडून थांबवलं. एकदा खोजानं चुगली केली म्हणून फटके दिले, त्यानं तोंडातून शब्द काढला नाही. आणि हीच बाई आजारी असताना आचाऱ्यानं अंधारात पेज आणली, त्यात पाल निघाली, ती तिनं चमच्यानं बाजूला काढली. शेजारी बसलेला शियाओवेन आचाऱ्याला कडक शिक्षा करायला निघाला, तर ही हसली आणि सोडून दिलं.

४८३ मध्ये शियाओवेनला मुलगा झाला, शून. मुलाच्या आईला, लिन राणीला, वाचवावं असं त्याच्या मनात होतं. आजीच्या मर्जीपुढे त्याचं चाललं नाही. ४९० मध्ये आजी वारली तेव्हा त्यानं पाच दिवस पाण्याचा घोट घेतला नाही. दातोंगच्या उत्तरेला फांगशान डोंगरावर तिची समाधी आहे. तिच्या शेजारी त्यानं स्वतःसाठी छोटी समाधी बांधून घेतली होती, पण पुढे राजधानी हलली, तो लुओयांगजवळ पुरला गेला आणि ती रिकामी राहिली. आणि ग्रंथ सांगतो, तिच्या मरणापर्यंत त्याला आपली खरी आई कोण हे माहीत नव्हतं.

शूनचं काय झालं ते थोडक्यात सांगतो. ४९४ मध्ये राजधानी लुओयांगला आली, ४९६ मध्ये तुओबा आडनाव बदलून युआन झालं. युवराज स्थूल, त्याला लुओयांगचा उकाडा सोसेना, अभ्यास नको, सगळं मन उत्तरेत. बाप बाहेरगावी असताना त्यानं घोडे काढून पळायचा बेत केला आणि आड येणाऱ्या अधिकाऱ्याला स्वतःच्या हातानं मारलं. बापानं परतल्यावर शंभरच्या वर छड्या मारल्या, महिनाभर पोराला उठता येईना. ४९७ मध्ये विषारी दारू पाठवली. पोरगं १५ वर्षांचं. त्याच्या बाजूनं रदबदली करायला आई नव्हती, मामा नव्हते, आणि हे घराण्यानंच घडवून आणलं होतं.

वारस झाला धाकटा भाऊ, पुढचा सम्राट शुआनवू. त्याची आई गाओ राणी त्याच सुमारास लुओयांगच्या वाटेवर मेली, पुढे पट्टराणी झालेल्या राणीनं मारवलं अशी बोलवा होती. ४९९ मध्ये गादीवर आल्यावर शुआनवूनं मामांना शोधून काढलं. कधी भेटच झाली नव्हती. दरबारी कपडे देऊन समोर आणलं तर ते इतके गोंधळले की कसं उभं राहावं कळेना. थोड्याच दिवसांत ते राज्यातले सगळ्यात बडे लोक. आई मेली तरी मामा येतातच, हे गुईनं ध्यानात घेतलं नव्हतं.

आता वर्गातल्या त्या नवसाच्या प्रश्नाचं उत्तर. शुआनवूच्या राणीवशात राण्या मिळून प्रार्थना करायच्या: राजपुत्र होऊ दे, राजकन्या होऊ दे, युवराज नको. एकटी हू राणी म्हणायची, एका माझ्या मरणाला भिऊन राजघराण्याला वारस नको म्हणायचं का? तिला दिवस गेले तेव्हा बाकीच्यांनी घाबरवलं, काही करून टाक म्हणाल्या. ती ऐकेना. ५१० मध्ये मुलगा झाला. शुआनवूची आधीची बरीच मुलं गेली होती, त्यानं बाळ वेगळ्या महालात दायांकडे ठेवलं. पट्टराणीला आत जायची परवानगी नाही, आईलाही नाही. मुलगा युवराज झाला तरी हूला मारलं नाही. नियम तिथे सुटला.

५१५ मध्ये शुआनवू वारला. पट्टराणी हूला मारायला निघाली तेव्हा खोजे आणि मंत्र्यांनी हूला दुसरीकडे हलवून पहारा बसवला. हू सत्तेवर आली, पट्टराणी भिक्षुणी झाली आणि ५१८ मध्ये मारली गेली. लोक म्हणतात, बघा, नियम मोडला आणि घराणं बुडालं. मला हे उथळ वाटतं. तोपर्यंत उत्तर सीमेवरच्या छावण्या उपाशी आणि चिडलेल्या होत्या, दरबार लुओयांगला आल्यावर तिकडे बघायलाच कुणी उरलं नव्हतं. पण हूनं काही कमी केलं नाही, हेही खरं. ५२० मध्ये तिला कोंडलं, ५२५ मध्ये ती परत आली, आणि ५२८ मध्ये तिचा १९ वर्षांचा मुलगा मेला. त्यानं तिच्याविरुद्ध उत्तरेच्या एर्झू रोंग या सरदाराला गुपचूप बोलावलं होतं, त्यामुळे संशय तिच्यावरच. तिनं मुलाची तान्ही मुलगी मुलगा म्हणून गादीवर बसवली, लगेच ती मुलगी असल्याचं जाहीर केलं आणि तीन वर्षांचं दुसरं पोर आणलं.

एर्झू रोंग सैन्य घेऊन आला. हूनं केस कापून भिक्षुणीचा वेश घेतला, त्याच्यापुढे पुष्कळ बोलत राहिली. तो बाही झटकून उठला आणि तिला व त्या पोराला पीत नदीत बुडवलं. हेयिनला हजाराच्या वर अधिकारी कापले गेले. राज्याचे दोन तुकडे व्हायला आणखी सहा वर्षं लागली, पण घराणं खरं तर तिथेच संपलं.

चाल करून यायच्या आधी रोंगनं नवा सम्राट कुणाला करावं म्हणून राजपुत्रांचे पुतळे ओतून पाहिले होते. एकाचाच नीट उतरला, त्याला त्यानं बसवलं. हेयिननंतर त्याला वाटलं, आपणच का बसू नये? त्यानं स्वतःचा सोन्याचा पुतळा ओतला. बिघडला. पुन्हा ओतला. चार वेळा ओतला, चारही वेळा बिघडला.